विमानतळावरची ती कापडी पट्टी

प्रश्न : विमानतळावर माझ्या बॅगेवरून पट्टी फिरवून यंत्रात घातली. बॅगेत अत्तर, सॅनिटायझर, हिंगाची डबी! यंत्र गोंधळत नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गोंधळतं कधीकधी. आत पट्टीवरच्या रेणूंना विद्युतभार देऊन, म्हणजे त्यांचे आयन करून, वायूने भरलेल्या नळीतून पळवतात. सुटसुटीत आयन आधी पोचतो, थोराड मागून. सगळा खेळ मिलिसेकंदांचा. भार ज्याला त्याला वाटला तर गर्दीच होणार. म्हणून मुद्दाम एखादी वाफ सोडतात. स्फोटकांसाठी क्लोरीनयुक्त संयुगाची; तिचे क्लोराइड आयन आरडीएक्सला चिकटतात, अत्तराला सहसा नाही. अमोनियाची वाफ सोडली तर हिशेब वेगळा. तिची प्रोटॉनओढ, म्हणजे प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित गाभा) धरून ठेवण्याची ताकद, मोलला सुमारे ८५४ किलोज्यूल, पाण्याची ६९१. तिच्या हातचा प्रोटॉन हिसकावणारा तिच्याहून ओढाळच हवा. बाकीचे बिनभाराचे, म्हणून यंत्राला अदृश्य.

मी प्रयोगशाळेत असताना कधी दोन आयन एकाच वेळी पोचायचे आणि आलेखावर त्यांची दोन शिखरं एकमेकांवर बसायची. नळीतल्या वायूत २-ब्युटेनॉल या अल्कोहोलची वाफ मिसळली, की एक आयन तिचे रेणू अंगाला लावून रेंगाळायचा, दुसरा पुढे सटकायचा. वाफ सोडताना हात सैल सुटला तर मात्र दोघेही मंदावत. माझी अख्खी दुपार एकदा अशीच गेली, चहासकट.

हिंगाची डबी मात्र घट्ट बंद करा. यंत्रासाठी नव्हे, शेजारच्या प्रवाशासाठी.