होडी शाकारलेली आहे तोवर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नुसतं "हो बाई, हो बाई" करत होतास आणि मागे तुझ्या जुळ्या पोरींपैकी एक टाहो फोडत होती. मी सांगितलेलं काही तुझ्या डोक्यात शिरलं नसणार, म्हणून लिहून पाठवते. हे तुझ्या बायकोला लिहायला हवं होतं. पण तिला वाचण्याइतकी उसंत मिळालीच, तर तिने ती झोपून घालवावी. पत्र तूच वाच आणि खिळ्याला अडकवून ठेव.

तुझं एक नशीब चांगलं. पोरी मे महिन्याच्या विशीत झाल्या, एकतीस तारखेला मासेमारी बंद झाली आणि होडी वर ओढून शाकारून झाली. म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत तू घरात आहेस. हे दोन महिने हर्णैच्या बंदरावर पत्ते कुटत काढलेस तर मला कळेल. तिथे माझ्या हातावर जन्मलेली निम्मी पोरं आहेत. जाळी विणायची आहेत ना, मग ती घरी आणून पडवीत वीण.

माझी जुळी १९८२ सालची. आमचे हे परळला गिरणीत होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि शिमग्याला आलेले चाकरमानी परत गेलेच नाहीत. श्रावणात मला जुळी झाली. घरात पगार माझा एकटीचा, तोही नर्सबाईचा. पण लंगोटाची घडी कशी घालतात हे कधी न पाहिलेला माणूस महिन्याभरात रात्री दोन वाजता एकाला खांद्यावर आणि एकाला हातावर घेऊन पडवीत येरझारा घालायला लागला. संपाने गिरणगावाचं आणि आमच्या गावांचं जे केलं ते केलंच, त्याचं मी कौतुक सांगत नाही. पण ते घरी नसते तर माझ्या दोघांतला धाकटा जगला असता की नाही, मला आजही शंका आहे.

आता हिशेब मांड. तुला माशांचा हिशेब येतो, हा त्याहून सोपा आहे. एवढ्या लहान जिवाला दर दोन-अडीच तासांनी दूध लागतं. एकीला दहा वेळा, दोघींना वीस. पाजणं, ढेकर काढणं, कोरडं करणं याला अर्धा तास धर. दहा तास झाले. त्यात वीस-पंचवीस लंगोट, आंघोळी, बाळंतिणीचं खाणं. एका बाईच्या दिवसात हे बसतच नाही. तेव्हा "मी तिला मदत करतो" असं कुणाला सांगत फिरू नकोस. होडीवर तू तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, मदत करतोस का? आपला वाटा ओढतोस. समुद्रावर रात्रीची पाळी लावता तशी घरात लाव. नऊ ते दोन एक, दोन ते सहा दुसरा. तुझ्या पाळीत बायकोला फक्त पाजण्यापुरतं उठव, बाकीचं सगळं तुझं. माहेरी पाठवायचा बेत असेल तर तो सोड. त्यापेक्षा तिच्या आईलाच इकडे बोलाव, तेवढेच दोन हात वाढतील.

एक काम या आठवड्यातच कर, बाकी पत्र मागाहून वाचलंस तरी चालेल. पोरी सहा आठवडे आधी आल्या, एक अठराशे ग्रॅमची, दुसरी सोळाशेची. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, तोही जन्मापासून तीस दिवसांच्या आत. बाहेरून डोळे टपोरे दिसतात, आत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात. वेळेत कळलं तर उपाय आहे, नाहीतर नजर कायमची जाते. घरी सोडतानाच्या कागदावर तारीख लिहिली असेल. पाऊस आहे, घाटात दरड आहे, गाडी नाही, यातलं एकही कारण मला सांगू नकोस. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेण्याआणण्याची गाडी फुकट असते. आशाताईला विचार, ती बोलावून देईल.

दुसरं, त्यांना छातीवर घे. उघड्या छातीवर, लंगोट आणि टोपडं एवढ्यावर, वरून बायकोची जुनी मऊ साडी गुंडाळून. लाजू नकोस. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब द्यायच्या काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. आज जगभरचे डॉक्टर तेच सांगतात. बाळ उबदार राहतं, श्वास नीट चालतो, वजन भरतं. आणि ही ऊब आईचीच हवी असं काही नाही, बापाची छाती रुंद असते. एक तिच्याकडे, एक तुझ्याकडे, आणि पुढच्या वेळी अदलाबदल. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून ओव्याची धुरी मात्र नको. त्या एवढ्याशा फुप्फुसांना धूर झेपत नाही. तुझी आजी रागावेल, तिला माझं नाव सांग.

दुधाबद्दल गावभर एकच बोलणं ऐकू येईल, "दोघींना कसं पुरणार?" पुरतं. जितकं ओढलं जातं तितकं दूध तयार होतं, दोघी ओढतील तर दोघींचं येईल. तिला वेळेवर जेवू घाल, पाण्याचा तांब्या उशाशी ठेव. हळिवाची खीर, नाचणी, मासळी, काही वर्ज्य नको. दोघींना एकदम पाजायचं तर दोन्ही बाजूंना उश्या लावून एकेक काखेखाली धरायची, पाय पाठीमागे. पहिले आठ दिवस तारांबळ उडेल, मग जमतं. धाकटी ओढून दमली तर दूध काढून वाटी-चमच्याने पाज. बाटली आणू नकोस. पावसात ती नीट उकळून कोरडी होतच नाही आणि आठ दिवसांत हगवण घरात येते. काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवायचं नाही. फ्रिजवर भिस्त ठेवणाऱ्यांना २०२० चं निसर्ग वादळ आठवत असेल, आपल्या दापोलीत किती दिवस दिवे नव्हते ते.

आता एक असा नियम सांगते जो एकुलत्या बाळाच्या घरात मी कधीच सांगितला नसता. एक भुकेने उठली की दुसरीलाही उठव. "झोपलेलं मूल उठवू नये" ही म्हण जुळ्यांच्या आईने केलेली नाही. दोघींचं घड्याळ एक झालं तर तुम्हाला सलग दोन तास मिळतात, नाहीतर चोवीस तास आळीपाळीने एकेक जागीच असते.

तुझ्या पोरी एकीसारखी दुसरी आहेत. आज तुला हसू येईल, पण रात्री तीन वाजता तुला त्या ओळखू येणार नाहीत. माझ्याकडून हेच झालं होतं. मी नर्स, गावभर डोस समजावून सांगणारी, आणि तापाचं औषध एकालाच दोनदा पाजलं, दुसरा तसाच फणफणत राहिला. सकाळपर्यंत त्याच्या उशाशी बसून मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी खिळ्याला वही टांगली. कुणी कधी प्यायलं, कुणी किती ओलं केलं, कुणाला थेंब दिले. चोवीस तासांत सहाहून कमी वेळा ओलं केलं तर दूध कमी पडतंय असं समज. ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिटचे थेंब आणि लोहाचे थेंब डॉक्टरांनी लिहिलेत तसे, देताक्षणी खूण करायची. थोरलीच्या पायाच्या अंगठ्याला नखरंग लाव, ती युक्ती काळ्या दोऱ्याहून बरी. गळ्यात दोरा नकोच. आणि दोघींची कार्डं वेगळी ठेव. अंगणवाडीत गर्दीच्या दिवशी एकीचं वजन दुसरीच्या कार्डावर चढलेलं मी किती वेळा पाहिलंय.

लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. लवकर आल्या म्हणून लस पुढे ढकलायची नसते. पण बसणं, रांगणं, बोलणं मोजताना जी तारीख डॉक्टरांनी दिली होती तिथून मोज, म्हणजे जुलैच्या सुरुवातीपासून, दोन वर्षांपर्यंत. नाहीतर शेजारच्या पोराशी तुलना करून बायकोला रडवशील.

पावसाचं काय सांगू, तुलाच ठाऊक. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आपल्याकडे कोसळतो आणि लंगोट काही वाळत नाहीत. जुन्या सुती साड्या फाडून चार डझन तरी कर. माजघरात दांडी बांध, पण चुलीवर नको, धुराचा वास लागतो. ओलसर लंगोट मात्र चुकूनही घालायचा नाही, चट्टे उठतात. बाळगुटी आणि मध वर्षाच्या आत नको. मध निर्मळ असला तरी त्यात असा एक जंतू असू शकतो, जो एवढ्या बाळाला लुळं पाडतो. झोपवताना पाठीवर, प्रत्येकीला वेगळी जागा, आणि एका झोळीत दोघी कधीच नाहीत.

गणपतीत मुंबईकर येतील. प्रत्येकाला "जुळी बघायची" असतील, आणि निम्मे खोकत असतील. उंबऱ्यावरच थांबव. लांबून बघा म्हणावं, पापे घ्यायचे नाहीत. कुणी "दोन्ही मुलीच?" असं म्हटलं तर त्याला एक लंगोटांची बादली धरायला दे. आलेल्या प्रत्येकाला काम द्यायचं हा माझा जुना कायदा आहे. बाणकोटच्या बाजूला एका घरी तिळी झाली होती, बत्तिसाव्या आठवड्याला. त्यांच्या आजीने दारात खडूने कामं लिहून ठेवली होती, पाणी भरणं, धुणं, भाकऱ्या, अर्धा तास बाळ धरणं. येणारा एक काम उरकल्याशिवाय आत येत नसे. आईच्या अंगावर एका वेळी दोघं, तिसरं वाटी-चमच्यावर, पुढच्या वेळी तिसरं पहिलं. ते तिघे आज कॉलेजात आहेत.

बायकोकडे लक्ष ठेव. पहिले काही दिवस रडू येतं, ते येऊ दे. पण दोन आठवड्यांच्या वर ती गप्पगप्प राहिली, पोरी झोपल्या तरी तिला झोप येईना, "या माझ्या नाहीतच" किंवा "मी नसते तर बरं" असं काही बोलली, तर भगताकडे जायचं नाही. बाहेरचं काही नसतं. जुळ्यांच्या आयांना हे जास्त होतं आणि ते औषधाने बरं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ने, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारावर सल्ला देणाऱ्या, फुकट नंबरवर लाव, मराठीत बोलतात.

आणि पोरींचं सांगायचं तर, दूध ओढेनाशी झाली, तळवे गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ लाव.

सहा महिन्यांनंतरचं तेव्हा सांगेन. मऊ पेज, नाचणीचं सत्त्व, मुडदुशीचा काटा काढलेला तुकडा, ते सगळं सोपं आहे. अवघड ते चालायला लागल्यावर. एक मूल असलं तर तू त्याच्या मागे धावतोस. दोन असली की एक विहिरीकडे जातं आणि दुसरं बंबाकडे, तेही एकाच क्षणी. म्हणून धावण्यावर भरवसा ठेवू नकोस, आधी जागा बंद कर. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घे, पडवीच्या तोंडाशी कमरेएवढी फळी. तुझं जुनं मासेमारीचं जाळं बांधशील तर याद राख, पोरं त्यात चढतात आणि मान अडकते. बादलीत वीतभर पाणीही भरून ठेवायचं नाही. आठळ्या, शेंगदाणे, काजू, करवंदं हाताशी नकोत. विंचू चावला तर मंत्र-बिंत्र काही नाही, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे दाखवून दिल्याला किती वर्षं झाली, तरी आपल्याकडे लोक अजून आधी मांत्रिकाचंच दार ठोठावतात.

त्या वयात चावतील, ओरबाडतील, एकाच करवंटीसाठी रडतील. ते चालायचंच. बोलायला जरा उशीर करतील, कारण त्यांची आपापसांत खूण चालते आणि मोठ्यांचं बोलणं दोघींत वाटलं जातं. यावर एकच उपाय. एकीला एकटीला घेऊन बंदरावर जा, लिलाव दाखव, पापलेट कोणतं, सुरमई कोणती, सांगत राहा. दुसऱ्या दिवशी दुसरीला. आणि हाक नावाने मार, "जुळ्या" म्हणून नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात मी येते, वजनाचा काटा घेऊन. दोघींची कार्डं, वही आणि डोळ्यांच्या तपासणीचा कागद काढून ठेव. माझ्यासाठी सोडे असतील तर थोडे बांधून ठेव, सुकट नको.

तुझी,
नर्सबाई