वाचकांचे प्रश्न : सोबत, बैठक आणि नमाज

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाकडे वळतात. दीनवर (धर्माच्या वाटेवर) चालायची इच्छा आहे, पण आजूबाजूची माणसे आणि दिनक्रम साथ देत नाहीत. त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : रमजानमध्ये पाचही नमाजा वेळेवर होतात. ईद झाली की थोड्याच दिवसांत आधी फजर (पहाटेची नमाज) सुटते, मग एकेक करून बाकीच्याही. दरवर्षी हेच होते. माझे ईमानच (श्रद्धाच) कमकुवत आहे का?

उत्तर : ईमानाचा न्याय करण्याआधी त्या महिन्यात नेमके काय घडत होते ते पाहा. सहरीला (रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाला) सगळे घर उठते, म्हणून फजर मिळते. इफ्तार मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) अजानवर होते, म्हणून मगरिब चुकत नाही. तरावीहसाठी (रमजानमधील रात्रीच्या खास नमाजेसाठी) मशिदीत जायचेच असते, म्हणून इशा (रात्रीची नमाज) जमातीने, म्हणजे सगळ्यांबरोबर, होते. शव्वालचा (रमजाननंतरच्या महिन्याचा) चंद्र दिसला की हे तिन्ही आधार एका संध्याकाळी निघून जातात. जोहर (दुपारची) आणि असर (तिसऱ्या प्रहरची) या नमाजांना असा आधार रमजानमध्येही नसतो. आठवून पाहा, त्या दोन नमाजांत तेव्हाही ओढाताण होत असेल. तुमचा निश्चय खोटा नव्हता, पण तो ज्या व्यवस्थेवर उभा होता ती ईदनंतर उरली नाही. ती पुन्हा उभारायची आहे, आणि त्यासाठी बारा महिने रमजान असावा लागत नाही.

सुरुवात रात्रीपासून करा. फजर पहाटे सुटते असे वाटते, पण ती बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या बैठकीत सुटलेली असते. इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे प्रेषित मुहम्मद (स.) यांना आवडत नसे, असे बुखारी या संग्रहातील हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचन-वर्तनाच्या नोंदीत) आहे. म्हणून मित्रांबरोबर बसायची वेळ इशाच्या अलीकडे आणा. ते शक्य नसेल तर उठायची वेळ बसण्याआधीच सांगून ठेवा. रंगलेल्या गप्पांतून उठताना कारण शोधावे लागते, आणि ते सापडत नाही.

मग एक साथीदार निवडा. एकच, आणि आधीपासून फजरला नियमित असलेला. तुमच्यासारखाच धडपडणारा मित्र घेतलात तर ज्या दिवशी तुम्ही झोपाल त्या दिवशी तोही झोपलेला असण्याची शक्यता मोठी. दहा जणांचा गटही उपयोगी पडत नाही, कारण दुसरा कोणीतरी उठवेल असे प्रत्येकाला वाटते. पहिला महिना फोन त्यानेच करावा, जमात उभी राहण्याच्या अर्धा तास आधी. तुम्ही अंथरुणात पडून ‘उठलो’ असे न म्हणता पाण्याजवळ उभे राहून उत्तर द्यायचे, एवढी एक अट ठेवा. मशीद जवळ असेल तर भेट तिच्या दारातच ठरवा. कोणी वाट पाहतो आहे हे माहीत असले की पाय आपोआप उचलला जातो.

तरीही एखादी फजर झोपेत गेली, तर जाग येताच पढा. झोपून राहिलेल्याने किंवा विसरलेल्याने आठवताच नमाज पढावी, असा स्पष्ट आदेश आहे. सूर्य नेमका उगवत असेल तर हनफी या विधिपंथाच्या मतानुसार तो पुरता वर येईपर्यंत थांबावे. जास्त नुकसान त्यानंतरच्या विचाराने होते : ‘आजचा दिवस तर गेलाच.’ जोहर त्या विचारामुळे सुटते. आणि ईदनंतर लगेच नफल (ऐच्छिक) नमाजांचे मोठे ओझे घेऊ नका. पाच फर्ज (बंधनकारक) नमाजा पक्क्या होऊ द्या. अल्लाहला सर्वाधिक प्रिय अमल (कृती) तो, जो थोडा असला तरी नियमित असतो, ही हदीस प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आली आहे.

प्रश्न : तौबा (पापाचा पश्चात्ताप) केली आहे. पण जुन्या मित्रांत जुगार आणि दारू चालते. अत्तरवाला आणि लोहाराच्या भात्याची हदीस ऐकली. या सगळ्यांशी नाते तोडायचे का? लहानपणापासूनचे मित्र आहेत.

उत्तर : बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील ती हदीस नीट ऐका. चांगला सोबती अत्तरवाल्यासारखा, वाईट सोबती लोहाराच्या भात्यासारखा. अत्तरवाला तुम्हाला अत्तर देईल, तुम्ही विकत घ्याल, किंवा निदान सुगंध तरी मिळेल. भात्याजवळ कपडे जळतील, किंवा निदान दुर्गंध मिळेल. ‘मी फक्त बसतो, पीत नाही’ या युक्तिवादाला इथेच उत्तर मिळते. काहीही न घेता बसलेल्या माणसालाही काही ना काही लागतेच.

पण बैठक आणि नाते या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुरआनात (सूरह निसा, ४:१४०) आदेश आहे की अल्लाहच्या आयतींचा (वचनांचा) नकार आणि थट्टा होत असताना त्या लोकांबरोबर बसू नका, ते दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत. मनाईला ‘वळेपर्यंत’ ही हद्द आहे. म्हणून ज्या बैठकीत पत्ते आणि बाटली येते ती बैठक आजच सोडा, थोडी थोडी करून नव्हे. त्याच मित्राच्या आजारपणात जा, त्याच्या घरच्या मयतीला जा, दिवसा भेटा, तुम्ही निवडलेल्या जागी भेटा, आणि भेट अशी ठेवा की पुढच्या अजानला ती संपेल. अंतरंगातला मित्र मात्र बदलावा लागेल. माणूस आपल्या जिवलग मित्राच्या दीनवर असतो, म्हणून कोणाशी मैत्री करतो ते प्रत्येकाने पाहावे, असे अबू दाऊद आणि तिर्मिजी या हदीससंग्रहांत आहे. मनातले सगळे ज्याला सांगता, अडचणीत ज्याचा सल्ला घेता, तो हा माणूस.

९९ खून केलेल्या माणसाची हदीस तुमच्यासाठीच आहे असे समजा. एका संन्याशाने त्याला सांगितले की तुझ्यासाठी तौबा नाही. त्याने त्यालाही मारले आणि १०० पूर्ण केले. मग एका आलिमने (धर्मपंडिताने) सांगितले की तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोणीही येऊ शकत नाही. पण अमुक भूमीत जा, तिथे लोक अल्लाहची इबादत करतात, त्यांच्याबरोबर कर आणि आपल्या भूमीत परतू नकोस. दार उघडे असल्याचे सांगून आलिम थांबला नाही, त्याने राहण्याची जागाही बदलायला लावली. तो माणूस वाटेतच मेला आणि एका वितीने नेकांच्या गावाजवळ निघाला म्हणून रहमतच्या (दयेच्या) फरिश्त्यांनी, म्हणजे देवदूतांनी, त्याला नेले. पोहोचणे त्याच्या हातात नव्हते, निघणे होते.

मित्रांना पहिल्याच दिवशी उपदेश करू नका. त्यांच्या विरोधाने तुम्हीच थकाल. आणि कोणाची आशाही सोडू नका. प्रेषितांचे (स.) काका अबू तालिब यांच्या अखेरच्या घटकेला इस्लामचे विरोधक अबू जहल आणि अब्दुल्लाह बिन अबी उमय्या उशाशी बसले आणि बापाचा धर्म सोडणार का, असे पुनःपुन्हा विचारत राहिले. अबू तालिब यांनी कलमा (इस्लामच्या श्रद्धेचे वचन) पढला नाही. पण त्या दोघांपैकी अब्दुल्लाह पुढे मुसलमान झाले.

प्रश्न : कामाच्या ठिकाणी नमाज पढणारे आम्ही दोघेच. दोघांची जमात होते का? उभे कसे राहायचे?

उत्तर : होते. प्रेषितांचे सहाबी (सोबती) इब्न अब्बास (रजि.) लहान असताना प्रेषितांच्या (स.) डावीकडे उभे राहिले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना धरून उजवीकडे आणले. मुक्तदीने (इमामाबरोबर नमाज पढणाऱ्याने) इमामाच्या, म्हणजे नमाज पढवणाऱ्याच्या, उजव्या हाताला उभे राहावे, पुढे जाऊ नये. तिसरा आला की दोघे मागे एका सफमध्ये (रांगेत). मागे जागा नसेल तर इमामाने पुढे सरकावे. इमामत कुरआन अधिक जाणणाऱ्याने करावी; ‘तुम्ही करा, तुम्ही करा’ यात सुट्टी संपते, म्हणून हे एकदाच ठरवून टाका. जमातीच्या नमाजेचा दर्जा एकट्याच्या नमाजेपेक्षा २७ पट असल्याची हदीस सगळ्यांना पाठ असते. त्याबरोबर सहाबी अबू दर्दा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीसही लक्षात ठेवा : लांडगा कळपापासून दूर गेलेल्या मेंढीलाच खातो. जागा आणि वेळ याबद्दल वरिष्ठांशी आधीच स्पष्ट बोला. चोरून पढलेली नमाज घाईत होते.

प्रश्न : सासरी कोणी नियमित नमाजी नाही. पतीही जुमाच्या (शुक्रवारच्या नमाजेच्या) पलीकडे जात नाहीत. बाहेरच्या दर्सला (धार्मिक शिकवणीला) जाणे जमत नाही. मला सोबत मिळणार कुठून?

उत्तर : ताई, तुमची परिस्थिती अवघड आहे, पण घर तुमच्या हातात थोडेफार आहे. एक कोपरा नमाजेसाठी पक्का करा. मुसल्ला (नमाजेची चटई) घडी करून कपाटात जात असेल तर तो डोळ्यांसमोर राहील असा ठेवा. मुले सात वर्षांची झाली की त्यांना नमाजेला सांगण्याचा आदेश आहे. त्याआधीही ती शेजारी उभी राहिली तर राहू द्या, चुकली तर हसू नका.

पतींना तुमच्या मागे नव्हे, पुढे उभे करा. घरात एखाद्या रात्री इशाची इमामत करायला सांगा. पत्नी एकटी असली तरी मागच्या सफमध्ये उभी राहते, सहाबी अनस (रजि.) यांच्या घरी प्रेषितांनी (स.) नमाज पढवली तेव्हा अनस आणि एक अनाथ मुलगा मागे होते आणि वृद्ध स्त्री त्यांच्याही मागे. इमामत करणाऱ्याला सूरह आठवाव्या लागतात, वजूकडे (नमाजेपूर्वीच्या हात-तोंड-पाय धुण्याकडे) लक्ष द्यावे लागते. टोमण्याने हे होत नाही.

बोलायचे कसे, हे सहाबी अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्या प्रसंगातून शिका. प्रेषितांनी (स.) इब्न उमर यांची बहीण आणि आपली पत्नी हजरत हफ्सा (रजि.) यांच्याजवळ म्हटले की अब्दुल्लाह किती चांगला माणूस आहे, रात्रीची नमाज पढत असता तर! आधी स्तुती, मग एकच वाक्य, तेही घरच्या माणसाकडून पोहोचलेले. त्यानंतर इब्न उमर रात्री थोडेच झोपत.

स्वतःसाठी एक मैत्रीण जोडा. आठवड्यातून एकदा फोनवर दोघींनी तेच अर्धे पान अर्थासह वाचायचे. वेळ ठरलेली ठेवा; ‘मोकळी झाले की करते’ असे ठेवलेत तर महिनाभरात बंद पडेल.

प्रश्न : दर्समध्ये बसले की डोळे भरून येतात, घरी आले की काहीच उरत नाही. हा दांभिकपणा आहे का?

उत्तर : सहाबी हन्जला (रजि.) यांना हीच भीती वाटली होती. ‘हन्जला मुनाफिक (दांभिक) झाला’ असे म्हणत ते निघाले, आणि अबू बक्र (रजि.) म्हणाले की आमचेही तसेच होते. प्रेषितांनी (स.) सांगितले की माझ्याजवळ असता तसेच नेहमी राहिलात तर फरिश्ते तुमच्याशी वाटेत हस्तांदोलन करतील, पण हन्जला, घटका घटकांचा फरक असतो. भावना ओसरणे स्वाभाविक आहे. ती जागी असताना एक लहान काम ठरवून घ्या आणि ते घरी पोहोचताच करा, उद्यावर टाकू नका.

प्रश्न : आमचा गट नमाजी आहे, पण बसलो की इतरांच्या दीनमधल्या उणिवाच निघतात. मीही घरी चिडका झालो आहे. ही चांगलीच सोबत ना?

उत्तर : नाही, अजून नाही. अनुपस्थित माणसाबद्दल त्याला न आवडणारी खरी गोष्ट बोलणे म्हणजे गीबत. खोटी असेल तर तो बोहतान (खोटा आळ). विषय दीनचा असला म्हणून यातून सुटका होत नाही. बैठकीत नाव निघताच विषय बदला, त्या माणसाचे एखादे चांगले सांगा. तरी चालूच राहिले तर उठा.

नेक सोबत कशी असते ते सहाबी सलमान (रजि.) यांच्याकडे पाहा. अबू दर्दा (रजि.) सतत नफल रोजे आणि रात्रभर इबादत यांत गुंतले होते, पत्नीकडे लक्ष नव्हते. सलमान पाहुणे म्हणून आले. तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, म्हणाले. रात्री उठू लागल्यावर झोपवले, अखेरच्या प्रहरी स्वतः उठवले आणि दोघांनी मिळून नमाज पढली. तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या शरीराचा आहे, घरच्यांचाही आहे, असे सांगितले, आणि प्रेषितांनी (स.) म्हटले, सलमान खरे बोलला. गटाची पारख करताना नमाजेइतकेच हेही विचारा की तिथून परतल्यावर घरच्यांशी तुमचे बोलणे कसे असते. ते उत्तर तुमच्या पत्नीकडून आणि आईकडून घ्या. आणि गटात तुमची चूक तुम्हाला एकांतात सांगणारा एक जरी असेल, तर बैठक सोडण्याआधी त्याच्याशी बोला; दोघे मिळून विषय बदलणे एकट्याने उठून जाण्यापेक्षा सोपे असते.