भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमधल्या जुन्या बॅटऱ्या, काळं तेल, कॉटन वेस्ट कुठे द्यायचं? भंगारवाला तर रोख पैसे देतोय.

'रोख पैसे देतोय' हे वाचलं आणि लिहायला बसलो. नाहीतर तुमचा प्रश्न तसा चार ओळींत मिटणारा आहे.

भोसरी एमआयडीसीतच एका मशीन शॉपचं स्टोअर मी बरीच वर्षं सांभाळलं. नाव नको. दसऱ्याच्या आधी आपल्याकडे काय चालतं ते तुम्हाला माहीत आहेच. खंडेनवमीला मशिनं पुसून, हार घालून उभी करायची म्हणजे त्याआधी वर्षभराची सगळी घाण बाहेर काढायची. त्या वर्षी इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्याही बदलल्या होत्या. नवीन देणारा डीलर जुन्या आहेत तशा, ॲसिडसकट उचलायला तयार होता, पैसे बिलातून वजा. पण आमच्या परचेसच्या साहेबांना कुठूनतरी एक भंगारवाला गाठ पडला. तो किलोमागे जास्त देत होता. अट एकच, बॅटऱ्या रिकाम्या करून द्या, आतल्या पाण्याचे, म्हणजे ॲसिडचे, पैसे मी देणार नाही.

साहेबांनी एका हेल्परला शेडच्या मागे पाठवलं. हातात मोजे नाहीत, डोळ्यांना गॉगल नाही, पायात स्लिपर. पोरानं एकेक बॅटरी आडवी पाडून ॲसिड गटाराच्या दिशेनं सोडलं. मागे शहाबादी फरशी होती. शहाबादी म्हणजे शेवटी चुनखडीच, ती फसफसायला लागली आणि वाळल्यावर तिच्यावर पांढरी पूड धरली. पोराला काही झालं नाही असंच सगळ्यांना वाटलं. घरी पँट धुतली तेव्हा गुडघ्याखाली नुसती चाळण. सुती कापडावर उडालेलं ॲसिड असंच, धुतल्यावर कळतं. नशीब, डोळ्यात गेलं नाही.

मी गेटपासवर सही केली नाही. साहेब म्हणाले, "अहो, भंगारच आहे ना ते? तुमच्या खिशातून जातंय का?" माल दुसऱ्याच्या सहीनं गेला तो गेलाच. पुढे चिंचवडला एका लग्नात हेच साहेब भेटले आणि पुन्हा तेच, तुम्ही तेव्हा कंपनीचं नुकसान करायला निघाला होता. हातात जेवणाचं ताट होतं म्हणून तेव्हा गप्प राहिलो.

तर आता ऐका. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि शिशाचा बाजारभाव सगळ्यांना सारखाच. मग हा माणूस जादा पैसे आणतो कुठून? नोंदणी असलेल्या रिसायकलरला ॲसिडवर प्रक्रिया करावी लागते, धूर गाळावा लागतो, कामगारांना मास्क द्यावे लागतात. ह्याला त्यातलं काहीच नाही. हातोड्यानं बॅटरी फोडायची आणि आतल्या शिशाच्या जाळ्या वितळवायच्या. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्याला मोठी भट्टी लागत नाही, लोखंडी कढईवर काम भागतं. ॲसिडचा खर्च तर आपणच आपल्या गटारात ओतून वाचवून दिला. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी जाते, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. साहेबांचा तो 'जादा भाव' म्हणजे हे होतं. आणि डीलरनं जुनी बॅटरी परत घ्यायची हे काही आजचं नाही, बॅटऱ्यांच्या २००१ च्या नियमांतही होतं. २०२२ च्या नियमांनी जबाबदारी थेट उत्पादकावर टाकली, इतकंच.

तुमचं म्हणाल तर बॅटऱ्या डीलरला द्या, झाकणं लावून, उभ्या, आणि पावती घ्या. कॉर्डलेस ड्रिलच्या लिथियमच्या बॅटऱ्या त्यांच्यात मिसळू नका. टोकांना चिकटपट्टी लावून प्लास्टिकच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा. फुगलेली असेल तर शेडच्या बाहेर, सावलीत. टर्निंगच्या भंगारात, म्हणजे लेथवरच्या धातूच्या कातरणात, टाकलीत तर दोन्ही टोकांना चीप लागून शॉर्ट होईल, आणि पेट घ्यायला शेजारी मशीन पुसलेलं तेलकट कॉटन वेस्ट असेलच. लिथियमच्या बॅटऱ्यांची नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच त्या जाऊ द्यात.

काळं तेल, म्हणजे मशीनमधलं वापरलेलं तेल, घेणाऱ्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी. कूलंट, म्हणजे कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते तेलकट पाणी, गटारात नाही, हे सांगायला लागू नये. कॉटन वेस्ट, थिनरचा गाळ हे सगळं रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडे. त्यासाठी आधी तुमची मंडळाची परवानगी लागते, माल निघताना फॉर्म १०, म्हणजे त्या कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, लागतो. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, पण वर्षाला १० टनांच्या आत असाल तर मंडळ मुदत वाढवून देऊ शकतं. केमिकलचे रिकामे ड्रम कामगारांना पाणी भरायला घरी देऊ नका. आमच्याकडे हेही 'उपकार' म्हणून चालायचं.

तुमच्या बॅटऱ्या यूपीएसमधल्या सीलबंद असतील तर वरची ॲसिडची रामकहाणी तुम्हाला तितकीशी लागू नाही, त्यांत ओतण्यासारखं काही नसतं. शिसं मात्र तेच आणि तेवढंच विषारी. आणि सगळे भंगारवाले चोर असतात असं माझं म्हणणं नाही, लोखंड, पत्रा, पुठ्ठा मी कायम त्यांनाच दिला. तुमच्या माणसाकडे बॅटऱ्यांची नोंदणी असेल तर खुशाल त्याला द्या. फक्त झेरॉक्सवर जाऊ नका, मूळ कागद मागा आणि त्यावरची मुदत आधी बघा.