चष्मा कधी येणार, असं तो विचारतो

(पत्र संक्षिप्त केलं आहे.)

मावशी, नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, मराठी माध्यम. बोलायला चुणचुणीत, पण वाचताना अडखळतो, जोडाक्षरं गाळतो, वही अर्धी कोरी असते. शाळेतल्या बाई आळशी म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला नेऊन तपासणी करून घेतली. आयक्यू 112 आला, वाचन-लेखन मात्र दुसरीच्या पातळीचं. डिस्लेक्सिया आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. रिपोर्ट शाळेत द्यावा, सर्टिफिकेट काढावं असं माझं म्हणणं. हे म्हणतात, पोरावर शिक्का बसेल, पुढे लग्नापर्यंत लोक बोलतील. सासूबाई म्हणतात, बाबाही उशिराच वाचायला लागला होता. मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही, डोळे तपासायचेत म्हणून नेलं होतं. चष्मा कधी येणार, असं अधूनमधून विचारतो. घरात रोज वाद होतात. ह्यांना कसं पटवून देऊ?
– एक आई, सातारा

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं यजमान आणि सासूबाईंनी खाल्लीत. मुलाच्या वाट्याला एक परिच्छेद, आणि चष्म्याची ती ओळ तर तू जाता जाता लिहून टाकलीस. मी मात्र तिच्यापुढे गेलेच नाही.

दिवाळी होऊन तीन महिने झाले. पोरगं चष्म्याची वाट बघतंय आणि तुम्ही दोघं शिक्क्यावर भांडताय.

त्या तपासणीत काय काय करून घेतात ते एकदा आठव. आपल्याकडे आयक्यूसाठी पुष्कळ ठिकाणी मलिनची चाचणी वापरतात. नागपूरच्या डॉ. आर्थर मलिन यांनी 1969 मध्ये ती भारतीय मुलांसाठी बसवली. तिच्यात ठोकळ्यांची नक्षी जुळवायची असते, चित्रात काय राहिलंय ते सांगायचं असतं, ऐकलेले आकडे सुलटे म्हणायचे आणि मग उलटे. त्यानंतर वाचन, श्रुतलेखन, बघून उतरवणं, गणितं. मुलं थकतात म्हणून हे सगळं बहुधा एका बैठकीत उरकतही नाहीत. आता मला सांग, सात-तीन-नऊ उलटं म्हणून दाखव असं डोळ्यांचा कुठला डॉक्टर म्हणतो?

तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक, त्याचा तुझ्यावर विश्वास बसला. म्हणजे चष्मा आला की ‘घ’चा ‘ध’ होणं थांबेल, वेलांट्या आपापल्या जागी बसतील, बाई रागावणार नाहीत, अशी आशा धरून तो रोज शाळेत जातो. दुसरी, त्याला सगळं कळलंय आणि ‘चष्मा कधी येणार’ विचारून तो तुला खरं बोलायची संधी देतोय. आयक्यू 112 हा आकडा तू पत्रात दोनदा लिहिलायस. तेवढी बुद्धी असलेल्या मुलाच्या बाबतीत मला दुसरीच शक्यता खरी वाटते.

बरं, थाप मारलीस तीही नेमकी डोळ्यांची! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टर मंडळीही या दुखण्याला शब्दांधत्व म्हणत. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, नजर चांगली, आकडे धडाधड वाचायचा. पण स्वतःच्या नावातली अक्षरं उलटसुलट लिहायचा आणि ते त्याच्या लक्षातही यायचं नाही. त्याचे मास्तर म्हणत, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. मॉर्गनला तेव्हाच कळलं होतं की गडबड डोळ्यात नाही, मेंदूत आहे. अक्षराची खूण आणि तिचा उच्चार यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. कुठलंही भिंग ती बसवून देत नाही, तसा दावा करणाऱ्या रंगीत काचाही बसवून देत नाहीत. (उद्या कुणीतरी नातेवाईक तशा काचांची जाहिरात पाठवेलच. सरळ डिलीट कर.)

आता तुझ्यावर रागावते. या घरात समंजस आपणच, असं तुझ्या पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. यजमान रिपोर्ट शाळेपासून लपवतात म्हणून तू चिडलीस. तू तो ज्याचा आहे त्याच्यापासून लपवलायस. शिक्क्याची भीती त्यांना आहे तेवढीच तुलाही आहे, फक्त तुझी भीती मऊ आवाजात बोलते. आणि शिक्का आधीच बसलाय गं. शाळेत ‘आळशी’ म्हणून. ‘ढ’ हा शब्दही त्याच्या कानावर पडला असणार. त्याला आपल्या अडचणीचं खरं नाव माहीत नाही, म्हणून तो हीच नावं खरी धरून चाललाय. वर घरात रोज रात्री आपल्यावरून काहीतरी पेटतं, एवढं नऊ वर्षांच्या मुलाला भिंतीपलीकडूनही कळतं.

येत्या रविवारी त्याला सांग. यजमानांची परवानगी नको, सासूबाईंची नको. दोघंच असाल अशा वेळी, आणि शुद्धलेखनाची वही आसपास नको. सुरुवात खोटेपणापासून कर: ‘तुझे डोळे चांगले आहेत. चष्मा येणार नाही. मी तुला खोटं सांगितलं, कारण मला तुला काय सांगावं ते कळत नव्हतं.’ इथे थांब. तो चिडला तर चिडू दे, रडला तर घाईघाईनं गप्प करू नकोस. मग रिपोर्ट काढ आणि त्याला जे चांगलं जमलं ते आधी सांग, ठोकळे असतील, चित्रं असतील, जे असेल ते. त्यानंतर: ‘तुझं डोकं छान चालतं, पण वाचताना त्याला जास्त मेहनत पडते. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा आळस नाही. वाचायला शिकवायची वेगळी पद्धत असते, त्या पद्धतीनं तू शिकशील.’ ‘बरा होईल’ असं मात्र म्हणू नकोस. वाचन सुधारतं, अडचण पुरती जात नाही, आणि दुसरी थाप त्याला पचणार नाही. वडील उशिरा वाचायला लागले तेही सांगून टाक. सासूबाई नकळत मोलाची माहिती देऊन गेल्यात, कारण हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. बाबांचंही असंच होतं, हे ऐकून त्याला किती बरं वाटेल!

हे आधी का, तर पुढचं सगळं त्याच्याच अंगावर पडणार आहे. विशेष शिक्षिकेकडे आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, बाकीची मुलं खेळत असताना अक्षर आणि आवाज पुन्हा पुन्हा घोटायचे, तेही महिनोन् महिने. कशासाठी ते ठाऊक नसलेलं मूल एवढं कष्टानं करत नाही. शिवाय तुझी थाप फार काळ टिकणारही नाही. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मोडते. 2018 च्या केंद्राच्या नियमांत तिचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळायचं, पण चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी असायची आणि अठराव्या वर्षी पुन्हा. पुन्हा तपासणीची वेळ आली तर मोठ्या झालेल्या मुलाला परत डोळ्यांच्या नावाखाली नेणार आहेस?

राहता राहिले यजमान. दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती हव्या असतील तर खासगी रिपोर्टवर भागत नाही, सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र काढावं लागतं. पण तो मुलगा आज चौथीत आहे. त्याच्यासाठी प्रश्न वाचून दाखवायला आणि उत्तरं तोंडी घ्यायला बाईंना कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, त्यांना फक्त कळायला हवं. त्यामुळे लग्नाची चर्चा वीस वर्षांनी करू, असं त्यांना माझ्या नावानं सांग. रविवारी मुलाशी बोलणं झालं की रिपोर्टची एक झेरॉक्स काढ आणि सोमवारी शाळेत बाईंना भेट. मुलाला बरोबर ने, आणि आत जाण्याआधी त्याला विचार, बाईंना तू सांगतोस की मी सांगू?

– मावशी