सातबाऱ्यावरचं नाव

प्रिय पोरी,

अमेरिकन सरकारच्या गोपनीय कामासाठी लागणाऱ्या सिक्युरिटी क्लिअरन्सबद्दल परवा फोनवर तू विचारलंस, "काका, फॉर्म भरायच्या आधी ओसीआय कार्ड परत करून टाकू का? आणि खडकीच्या दादाला व्हॉट्सअ‍ॅपवरून काढू?" मी विषय बदलला, कारण राग आला होता. तुझ्यावर नव्हे. कुणावर, ते पुढे येईलच.

लिहून टाक. जे आहे ते सगळं लिहून टाक.

ओसीआयला दुहेरी नागरिकत्व म्हणणं आधी सोड. तू इथली, अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतलीस त्याच दिवशी, 1955च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे, भारताचं नागरिकत्व गेलं. कार्ड म्हणजे जन्मभराचा व्हिसा. त्यावर ना मत देता येतं, ना शेतजमीन विकत घेता येते. ते परत करून काय साधणार? आणि एसएफ-86च्या, म्हणजे तुझ्या क्लिअरन्सच्या फॉर्मच्या, दहाव्या भागात विचारतात की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट कधी मिळाला होता का. 'कधी' हा शब्द नीट वाच. कोपरा कापलेला, रद्दचा शिक्का बसलेला तुझा निळा पासपोर्ट आईच्या कपाटात आहे ना? त्याचा नंबर लिही.

आमच्या वेळी खरंच दोन पासपोर्ट असले तर संरक्षण खात्याच्या क्लिअरन्ससाठी परका पासपोर्ट सोडावा लागे. जून 2017पासून नियम सैलावले. गोव्यातल्या आजोबांच्या जोरावर पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला, नंतर अमेरिकन झालेला माणूसही आता निव्वळ तेवढ्यामुळे बाद होत नाही. लपवला तर मात्र होतो.

दादाचं प्रकरण जड आहे, तिथे तुला खोटा धीर देणार नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला माणूस म्हणजे अमेरिकेच्या नजरेत परक्या सरकारशी जोडलेला माणूस. त्याचं नाव, हुद्दा, महिन्यातून किती वेळा बोलता, सगळं फॉर्ममध्ये घाल. तपासनीस खोदून विचारेल. विचारू दे. भाऊ आहे म्हणून तो घाबरत नाही. त्या भावाला वेठीला धरून उद्या कुणी तुला वाकवेल का, एवढंच त्याला पाहायचं असतं. फॉर्मच्या आदल्या आठवड्यात भावाला तोडणारी मुलगी त्याला जास्त संशयास्पद वाटेल. मलाही वाटेल!

आता माझं. वडील गेल्यावर गावच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावं वारस म्हणून चढली. दीड एकर, निम्मं मुरमाड. फॉर्ममध्ये परदेशी मालमत्तेचा प्रश्न होता, मी 'नाही'वर खूण केली. मुलाखतीतही नाहीच म्हणालो. मी खोटं नव्हतो बोललो गं. थोरला कसत होता, मला त्यातला एक दाणा मिळत नव्हता. आपल्याकडे अशा जमिनीला 'माझी' कोण म्हणतं? मग भावांनी तुकडा विकला आणि थोरल्यानं प्रामाणिकपणे माझा वाटा माझ्या खात्यावर पाठवला. झालं, त्या पैशावरून माझा 'नाही' उघडा पडला.

क्लिअरन्स नाकारल्याचं निकालपत्र अजून जपून ठेवलंय. जमिनीची किंमत नगण्य आहे, तिच्यामुळे अर्जदारावर दबाव येण्याचा संभव नाही, असं त्यातच म्हटलंय. अडलं त्या एका 'नाही'पाशी. अकरा वर्षांचं काम गेलं. वकील म्हणाला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1988 सालीच एगन खटल्यात सांगून ठेवलंय की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, आणि शंका उरली तर ती अर्जदाराच्या विरुद्धच जाते. ते वाक्य ऐकायला मी त्याला भरपूर पैसे मोजले. तुला फुकट देतोय.

म्हणून पुन्हा 'हे एवढंसं काय लिहायचं' असं विचारू नकोस. एवढंसंच लिही. आणि हो, आत्याच्या बँकखात्यात दुसरं नाव तुझं घातलंय, असं तुझी आई मागे बोलता बोलता म्हणाली होती. रविवारी तिला फोन कर. बँक कुठली, शाखा कुठली, खात्यात किती आहेत, विचारून घे.

काका