डीप टिशू मसाज म्हणजे नुसता जोरात केलेला मसाज का?

हिंजवडीत दिवसभर लॅपटॉपसमोर बसून तुमची मान नि खांदे धरतात, स्पावाल्यांनी डीप टिशू सुचवलाय, पण साध्या मालिशपेक्षा त्यात जास्त जोर लावतात एवढाच फरक का, असं तुम्ही विचारलंय. मी कोथरूडमध्ये फिजिओथेरपी करते. रोज कोणी ना कोणी हे विचारतंच.

जोर लागतोच, पण खरी गोम संथ वेगात आहे. स्वीडिश मसाजमध्ये भरपूर तेल घेऊन लांबवर हात फिरवतात, मळतात, थोपटतात. सगळं अंग सैल पडावं हा हेतू. डीप टिशूत तेल जेमतेम, कारण हात घसरून चालत नाही, कातडीखालचा थर धरता आला पाहिजे. शिवाय बहुतेक वेळ दुखऱ्या भागावरच जातो.

तुमच्याच मानेचं बघा. मानेच्या बाजूने एक स्नायू उतरतो आणि खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्याला चिकटतो. मान पुढे काढून बसलं की तो तासन् तास ताणलेला राहतो. बोटाला लागते ती गाठ बऱ्याचदा तिथेच असते आणि तिच्यावर ट्रॅपेझियस या मोठ्या स्नायूचा थर असतो. म्हणून आधी तळहाताने वरचा थर ऊब देऊन सैल करायचा. मग बोटांची पेरं किंवा कोपराजवळचा हात तिरका टेकवायचा आणि थांबायचं. समोरच्याने श्वास सोडला की हात आपसूक जरा आत उतरतो. दोन बोटं पुढे सरकायला कधी अर्धा मिनिट जातो. घाईने कोपर रुतवलं तर स्नायू उलट आवळून घेतो. थंडीत गोठलेल्या खोबरेलाची बाटली आपटून काही होत नाही, हातात धरून बसावं लागतं, तसंच हे.

अभ्यंगाची गोष्ट वेगळी. कोमट तिळाचं किंवा औषधी तेल सर्वांगाला, एका लयीत, पाठोपाठ वाफ. दिवाळीत पहाटे आई चोळते ते त्याचंच घरगुती रूप. थाई मसाज कपडे घालूनच, खाली गादीवर; त्यात दाबणं आणि अंग ताणणं. दोन्ही मला आवडतात, पण एका विशिष्ट गाठीसाठी मी ते सुचवणार नाही.

‘शरीरातले टॉक्सिन्स निघून जातात’ असं सांगून पॅकेज गळ्यात मारतात, त्याची मला मनापासून चीड येते. त्याला आधार नाही. व्यायामात स्नायूंत साठणारं लॅक्टिक ॲसिडही तासाभरात आपोआप कमी होतं, त्याला मसाज लागत नाही. मसाजने ताण उतरतो, हालचाल मोकळी होते, दुखणं काही काळ हलकं होतं. हे काय कमी आहे?

दुखेल, पण हवंहवंसं दुखेल. श्वास रोखून धरावा लागला की लगेच ‘हळू’ म्हणा, भिडेखातर सोसू नका. पुढचे एक-दोन दिवस अंग ठणकलं तर चालेल. काळेनिळे डाग पडले तर जोर जास्त झाला.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेले असतील किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका. आणि मानेतून हातात मुंग्या येत असतील किंवा बोटांतली पकड सैल वाटत असेल, तर मसाजची वेळ घेण्याआधी मान तपासून घ्या.