संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्ती लावणं म्हणजे बायबलने मना केलेली मूर्तिपूजा नाही का?

प्रश्न रास्त आहे. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये जाणाऱ्या आम्हा कॅथलिकांना प्रोटेस्टंट मित्र तो हमखास विचारतात. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (20:4-5) कोरीव मूर्ती करू नकोस, तिच्या पाया पडू नकोस असं स्पष्ट आहे.

पण त्याच पुस्तकात, 25व्या अध्यायात, देवच कराराच्या कोशावर (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर) सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेले देवदूत, घडवायला सांगतो. म्हणजे मनाई आहे ती मूर्तीला देव मानण्याला. बायबलच्याच गणना या पुस्तकातला (अध्याय 21), सर्पदंश झालेल्यांनी पाहून वाचावं म्हणून केलेला पितळी सापही देवाच्याच आज्ञेने घडवलेला. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). माझ्या मते सगळं उत्तर या सापात आहे: वस्तू तीच, बिघडली ती माणसांची नजर.

787 सालच्या निकिया परिषदेनेही (चर्चच्या बिशपांच्या सभेनेही) हेच ठरवलं. आराधना फक्त देवाची. प्रतिमेला मान द्यायचा, आणि तो तिच्यातल्या व्यक्तीला पोचतो. आमची प्रार्थना नीट ऐका. मरियेला आम्ही ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतो, ‘आम्हाला तार’ नाही.

प्रोटेस्टंटांचा खरा मुद्दा वेगळा आहे, आणि वजनदार आहे: बायबलमधल्या 1 तीमथ्य 2:5 प्रमाणे देव आणि माणसं यांच्यातला मध्यस्थ एकच, ख्रिस्त. कॅथलिक म्हणतात, शेजारणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर गं’ सांगतो तसंच हे. मेलेल्यांना सांगावं का, इथे मात्र दोघांचं जुळत नाही.

बाकी, नवस फेडल्यासारखे हार घालणारे आमच्यातही आहेत. त्यांना हिज्कीयाची गोष्ट ऐकवावी.